बार आणि काडतूस : चाकण-खडकी परिसर व अमेरिकेचा सीमाप्रदेश

इ. स. १८७८ चा अकरावा कायदा हिंदुस्थानच्या इतिहासात 'हत्यारांचा कायदा' म्हणून ओळखला जातो. परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास त्याने घातलेली बंदी सर्वपरिचित आहे. त्याच कायद्यातील 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. बंदुकीच्या गारा, स्फोटक टोप्या, दारूगोळ्याचे सर्व सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची सर्व यंत्रसामग्री यांचा त्या व्याख्येत समावेश आहे. शिसे, गंधक आणि सोरा हे तीन पदार्थ मात्र स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. ज्या पदार्थांपासून गोळी व दारू तयार होते तेच मोकळे सोडावेत आणि बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या टोपीवर बंधन घालावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. या तीन पदार्थांना व्यापारात व उद्योगात इतर उपयोग होते, हे त्याचे एक कारण होय. तथापि तेवढ्याने यंत्रसामग्री आणि टोपी यांवरील कटाक्षाचा उलगडा होत नाही.

या कायद्याच्या दोनच वर्षे आधी, ५ ऑगस्ट १८७६ रोजी, अमेरिकेच्या काँग्रेसने एक संयुक्त ठराव मंजूर केला होता. वायव्येकडील ज्या मूळ अमेरिकी जमाती संघराज्याशी लढत होत्या त्यांना धातूची काडतुसे मिळू नयेत यासाठी राष्ट्राध्यक्षांनी उपाय योजावेत, असा त्याचा आशय होता. येथेही रोख काडतुसावर होता. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन सत्तांची दृष्टी एकाच सुमारास एकाच वस्तूवर का खिळावी, या प्रश्नाचे उत्तर बंदुकीच्या आंतररचनेत झालेल्या एका स्थित्यंतरात सापडते. ते स्थित्यंतर समजून घेण्यास चाकणपासून खडकीपर्यंतचा, आज पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्टा म्हणून ओळखला जाणारा टापू विशेष उपयुक्त आहे. कारण त्याचे जवळजवळ सर्व टप्पे पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत पाहावयास मिळतात.

१. चाकण : तोड्याची बंदूक

इ. स. १६६० च्या जून महिन्यात शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. किल्ला भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक, आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. ऐन पावसाळ्यात सुमारे दोन महिने हा वेढा चालला. अखेर मोगलांनी ईशान्येकडील बुरुजाखाली सुरुंग नेला आणि १४ ऑगस्ट रोजी तो उडविला. बुरुज कोसळला, तरी आतील लोकांनी मागे मातीचा आडोसा उभा करून त्या दिवशीचा हल्ला थोपविला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. जदुनाथ सरकार यांनी मोगलांची हानी २६८ ठार व ६०० जखमी अशी दिली आहे. एका लहान भुईकोटासाठी मोजलेली ही किंमत अल्प नव्हे.

या काळातील पायदळाची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. लोखंडी नळी, लाकडी दस्ता, नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र म्हणजे काना, आणि त्यालगत रंजक ठेवण्याची लहानशी वाटी, अशी तिची रचना असे. बरकंदाज शिंगड्यातून मोजून दारू नळीत ओती, वर गोळी सोडी, गजाने ठासून बार भरी आणि वाटीत बारीक रंजक घाली. चाप ओढला की जळता तोडा म्हणजे जामगी रंजकावर टेकत असे. रंजकाची ज्वाला कान्यातून आत जाऊन बार उडे. पावसात जामगी विझे, रंजक भिजे. म्हणूनच दारू कोरडी राखणे हे किल्लेदाराचे मोठे कर्तव्य होते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा आणि आतील दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी व्यवस्था रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलेली आहे.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या बंदुकीचा महत्त्वाचा विशेष निराळा आहे. तिच्या पोटात जाणारी कोणतीही वस्तू कारखान्यातून येत नसे. सोरा खारट मातीपासून काढता येई, कोळसा कोठेही करता येई, गोळी साच्यात ओतून घेता येई, आणि जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुती वातच. सुमारे तीन भाग सोरा आणि उरलेल्या एका भागात कोळसा व गंधक, हे दारूचे प्रमाण जाणणारे कारागीर ठिकठिकाणी होते. शिसे व गंधक यांसाठी परदेशी व्यापाऱ्यांवर अवलंबून राहावे लागे हे खरे. म्हणून या व्यवस्थेस पूर्ण स्वावलंबी म्हणता येणार नाही. परंतु हे पदार्थ साठविता येत, अनेक व्यापाऱ्यांकडून घेता येत, आणि एकाने नाकारले तर दुसरा मिळे. नळी फुटली तर गावचा लोहार ती डागू शके. शस्त्र व त्याचे खाद्य ही दोन्ही स्थानिक हातांच्या आवाक्यात होती.

२. दापोडी व खडकी : गारेची बंदूक

अठराव्या शतकात जामगीची जागा गारेने घेतली. घोड्याच्या तोंडात बसविलेली गार पोलादी पत्र्यावर आपटून ठिणगी पाडी आणि रंजक पेटे. या बंदुकीस मराठी कागदपत्रांत 'पथरकला' असेही म्हटलेले आढळते. हातात जळती वात नसल्याने सैनिकांना खांद्यास खांदा लावून उभे राहता येऊ लागले, आणि कवायती पायदळाच्या अखंड फैरी शक्य झाल्या. पानिपतावरील इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून तयार करविलेली फौज ही याचीच फळे होत. द बॉयनच्या फौजेसाठी आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. युरोपीय बंदूक एतद्देशीय कारखान्यात घडविता येत होती, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई गारेच्या बंदुकीच्याच युगातील होय. कॅप्टन फोर्डच्या हाताखालील पलटणी त्या दिवशी दापोडीहून निघून कर्नल बर याच्या फौजेस मिळाल्या. बापू गोखल्यांच्या घोडदळाचा हल्ला इंग्रजी पायदळाच्या फैरींपुढे मोडला. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून ८६, तर मराठ्यांचे सुमारे ५०० असे आकडे ग्रँट डफने दिले आहेत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उभय पक्षांच्या पायदळाच्या बंदुकांत तत्त्वतः फरक नव्हता. पेशव्यांचे पायदळही गारेची बंदूक वापरीत होते. फरक कवायतीत, हुकमतीत आणि पगाराच्या नियमितपणात होता. पेशवाईच्या अस्ताची मीमांसा करताना केवळ 'श्रेष्ठ शस्त्रां'चा दाखला देणे म्हणूनच अपुरे ठरते. शस्त्रांतील खरी दरी त्यानंतरच्या अर्धशतकात पडली.

३. टोपी : रसायनशास्त्राचा प्रवेश

इ. स. १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. हा पदार्थ पेटवावा लागत नाही. आघाताने तो स्फोट पावतो. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने या गुणाचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचा हक्क नोंदविला, आणि काही वर्षांतच तांब्याच्या चिमुकल्या टोपीत हा पदार्थ बसविलेली टोपीची बंदूक प्रचारात आली. पाऊस, वारा, भिजलेली रंजक या जुन्या अडचणी एकदम दूर झाल्या.

या सोयीची किंमत मात्र दूरगामी होती. पारा, नत्राम्ल आणि मद्यार्क यांपासून फल्मिनेट तयार करणे हे गावच्या दारूगाराचे काम नव्हते. तो पदार्थ क्षणात जीव घेणारा आहे. पातळ तांब्याच्या पत्र्यातून हजारो एकसारख्या टोप्या काढणे हेही हातोडा-ऐरणीचे काम नव्हे. दारू व गोळी अद्याप घरची असली, तरी बार पेटविणारी वस्तू आता बाजारातून आणावी लागू लागली. शस्त्राच्या परावलंबनाचे हे पहिले पाऊल होय. इ. स. १८५७ मध्ये ज्या एनफील्ड बंदुकीच्या चरबीयुक्त काडतुसाने शिपायांत प्रक्षोभ माजला, ती बंदूक याच टोपीच्या जातीची होती. ते काडतूस म्हणजे मोजलेली दारू व गोळी एकत्र बांधलेली कागदी पुडी. टोपी निराळीच लावावी लागे. कागदी पुडी कोणालाही वळता येते. पुढील काडतूस तसे नव्हते.

४. खडकी, १८६९ : धातूचे काडतूस

धातूच्या काडतुसात दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एका पितळी अथवा तांब्याच्या पुंगळीत एकत्र आली. बार उडताच वायूच्या दाबाने पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या भिंतीस घट्ट बसते आणि मागील बाजूने वायू निसटू देत नाही. दाब ओसरला की ती आकसते व बाहेर ओढून काढता येते. बंदूक मागून भरणे निर्धोक झाले ते या गुणामुळे. पुंगळीचे कार्य धातूच्या नेमक्या लवचिकपणावर अवलंबून असते. धातू फार मऊ असेल तर ती नळीत चिकटते, फार कठीण असेल तर तडकते. त्यासाठी मिश्रधातूचे प्रमाण, पत्र्याची जाडी आणि तापवून मऊ करण्याच्या क्रिया काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात. मापातील अल्प फरकानेही बंदूक निकामी होते.

ब्रिटिश लष्कराने १८६६ मध्ये जुन्या एनफील्ड बंदुकांची मागील बाजू कापून तीत बिजागरीचा ठोकळा बसविला आणि स्नायडर-एनफील्ड ही बंदूक तयार केली. ही युक्ती जेकब स्नायडर या अमेरिकनाची. तो त्याच वर्षी कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. या बंदुकीचे काडतूस वुलिच येथील कर्नल बॉक्सर याने सिद्ध केले. तिच्यानंतर १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीतील ठोकळ्याची मूळ कल्पनाही हेन्री पीबॉडी या बोस्टनच्या माणसाची होती; स्वित्झर्लंडच्या मार्टिनीने तीत सुधारणा केली आणि एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीच्या नळीशी तिचा जोड घातला. उलटपक्षी, अमेरिकेत पुढे रूढ झाली ती इंग्रज बॉक्सरच्या पद्धतीची टोपी. आणि अमेरिकन बर्डानची पद्धत युरोपात पसरली. हिंदुस्थानातील पलटणींची शस्त्रे आणि अमेरिकेच्या सीमाप्रदेशातील शस्त्रे ही अशी एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत.

या पार्श्वभूमीवर १८६९ मध्ये खडकी येथे स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याचे महत्त्व कळते. १८१७ च्या रणभूमीलगतच वाढलेली ही छावणी बोरघाटातून जाणाऱ्या लोहमार्गाने १८६३ पासून मुंबई बंदराशी जोडलेली होती. सैन्य, लोहमार्ग आणि कारखाना एका ठिकाणी आल्याने लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा पुरवठा सरकारच्या हाती एकवटला. चाकणच्या वेढ्यात दारू किल्ल्यातल्या किल्ल्यात साठविली व राखली जात होती. खडकीचा कारखाना उभा राहिल्यानंतर, कारखाना ज्याचा त्याचीच बंदूक बोलणार, अशी स्थिती आली.

५. अमेरिकेचा सीमाप्रदेश

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वसाहतीचा इतिहास सामान्यतः पिस्तुलांच्या व रायफलींच्या नावांनी सांगितला जातो. कोल्टने फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचा हक्क १८३६ मध्ये नोंदविला. हेन्रीची अनेक बारांची रायफल १८६० मधील. विंचेस्टर रायफल व कोल्टचे प्रसिद्ध सहाबारी पिस्तूल ही दोन्ही १८७३ मधील. परंतु तेथेही खरा टप्पा काडतुसाचाच आहे. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडविलेली लांब रायफल किंवा सेंट लुइस येथील हॉकेन बंधूंची रायफल घेऊन निघालेला शिकारी शिशाच्या लगडी, गोळीचा साचा आणि दारूचे शिंग बरोबर बाळगीत असे. त्याची स्थिती मावळातील बरकंदाजाहून फारशी निराळी नव्हती. विंचेस्टर घेतलेल्या माणसाला मात्र विशिष्ट मापाचे काडतूस विकणाऱ्या दुकानाशी नाते जोडावे लागले. १८७८ पासून कोल्टचे पिस्तूलही विंचेस्टरच्याच काडतुसाच्या मापात मिळू लागले. दोन्ही हत्यारांस एकच काडतूस चालणे ही एकट्यादुकट्या माणसाला केवढी सोय होती, हे सांगावयास नको.

या परावलंबनावर माणसांनी उपायही शोधले. गव्यांच्या शिकारीवर जगणारे लोक रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवीत व पुन्हा भरीत. गोळी घरी ओतीत, दारू विकत घेत. मूळ अमेरिकी जमातींतही पुंगळ्या पुन्हा भरण्याची कला अवगत होती. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत तळाशी मधोमध एकच छिद्र असल्याने वापरलेली टोपी खिळ्याने पाडता येई. परंतु नवी टोपी कोठून आणावयाची, हा प्रश्न उरेच.

२५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा व शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या घोडदळाचा विध्वंस केला. १९८४ व १९८५ मध्ये तेथे शास्त्रीय उत्खनन झाले. त्यास निमित्त १९८३ मध्ये त्या माळाला लागलेल्या वणव्याचे होते. सापडलेल्या पुंगळ्यांवरील ठोक्याच्या खुणांवरून निरनिराळ्या बंदुका ओळखण्यात आल्या. घोडदळाजवळ एकाच जातीची स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. योद्ध्यांजवळ जुन्या ठासणीच्या बंदुकांपासून हेन्री व विंचेस्टरपर्यंत अनेक जातींची हत्यारे होती. घोडदळाच्या तांब्याच्या पुंगळ्या नळीत अडकल्यामुळे पराभव झाला, ही जुनी समजूत होती; तसा दोष दर्शविणाऱ्या पुंगळ्या फारच थोड्या निघाल्या.

योद्ध्यांनी ही लढाई जिंकली. पण त्यांच्या हत्यारांतील ही विविधता पुरवठ्याच्या दृष्टीने त्यांची दुर्बलता होती. प्रत्येक जातीच्या बंदुकीस निराळे काडतूस हवे होते आणि ते व्यापाऱ्यांकडूनच मिळणारे होते. काँग्रेसने सहा आठवड्यांच्या आत नेमक्या याच दुव्यावर बोट ठेवले. मे १८७७ मध्ये क्रेझी हॉर्स शरण आला. गव्यांचा संहार, उपासमार आणि हिवाळी मोहिमा ही त्याची प्रमुख कारणे होत. काडतुसांची नाकेबंदी त्यांपैकी एक.

६. बंड आणि कट

हाच निकष पुणे परिसरास लावता दोन घटनांवर नवा प्रकाश पडतो. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. हत्यारांचा कायदा झाल्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, त्यांनी रामोशी साथीदारांसह धामारी येथे पहिला छापा घातला. जुलैमध्ये ते पकडले गेले. त्यांच्या अपयशाची कारणे पैसा, साथीदार आणि लोकांचा पाठिंबा यांच्या अनुषंगाने सांगितली जातात, आणि ती खरीच आहेत. त्यांत आणखी एका कारणाची भर घालावी लागेल. सतराव्या शतकातील बंडखोर लुटीच्या पैशातून दारू व शिसे घेऊ शकत होता. १८७९ मध्ये सरकारी फौजेच्या तोडीची बंदूक हाती आली असती, तरी तिला काडतूस पुरविणारा बाजार त्यास उपलब्ध नव्हता.

चिंचवडच्या चापेकर बंधूंची गोष्ट याच नियमाची दुसरी बाजू दाखविते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी आयर्स्टवर गोळी झाडली. कटाला मोजके बार पुरतात; बंडाला अखंड पुरवठा लागतो. उठावाच्या मार्गावरून गुप्त कटाच्या मार्गाकडे झालेल्या या वळणास वैचारिक कारणे आहेतच. पण काडतुसाच्या युगात दुसरा मार्ग जवळजवळ बंद झाला होता, हे भौतिक कारणही दृष्टीआड करता येत नाही.

७. विवेचनाच्या मर्यादा

सर्व काही यंत्राने ठरविले, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण होते. दुसऱ्या अफगाण युद्धात गोऱ्या सैनिकांच्या हाती मार्टिनी-हेन्री, तर देशी शिपायांच्या हाती स्नायडर होती. हा राजकीय निर्णय होता. अमेरिकेतही गोऱ्या वसाहतवाल्यास काडतूस दुकानात मिळे आणि लकोटा योद्ध्यास ते नाकारले जाई. वस्तू एकच, नियम दोन. यंत्राने नियंत्रण शक्य केले. ते कोणावर चालवावयाचे हे सत्तेने ठरविले. १८७८ च्या कायद्याच्या कर्त्यांनी सोरा व शिसे मोकळे सोडले, कारण टोपी आणि यंत्र हाती असल्यावर त्यांवर पहारा ठेवण्याची निकड उरली नव्हती, असे अनुमान त्यामुळे सयुक्तिक ठरते.

तो कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला. खडकीचा कारखाना आजही चालू आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. संग्रामदुर्गाचे अवशेष चाकणच्या वाढत्या वस्तीत उभे आहेत. या दोन स्थळांमधील इतिहास लिहिताना कोणाजवळ कोणती बंदूक होती, एवढे विचारून भागणार नाही. पेशवे दप्तरातील दारूखान्याचे हिशेब, शिसे व गंधकाच्या खरेदीच्या नोंदी, आणि १८७८ नंतरचे परवान्यांचे कागद एकत्र वाचले गेले पाहिजेत. बार कोठून आला, हा प्रश्न विचारला म्हणजे लढायांच्या इतिहासामागे दडलेला कारागिरांचा, व्यापाऱ्यांचा आणि निःशस्त्र केल्या गेलेल्या समाजाचा इतिहास दिसू लागतो.